टाइप करता करता कीबोर्डचा लेआउट आपोआप बदलायचा, ते कसं निस्तरलं

कॉम्प्युटरवर एकापेक्षा जास्त कीबोर्ड लेआउट, म्हणजे कुठली की दाबली की कुठलं अक्षर यायचं त्याच्या मांडण्या, टाकलेले असतील तर हा वैताग तुम्हाला ठाऊक असणारच, छान तंद्रीत टायपिंग चाललेलं असतं आणि मान वर करून बघावं तर स्क्रीनवर भलतंच काहीतरी उमटलेलं. मी दिवसभर इंग्लिश आणि मराठी दोन्ही टाइप करते, इंग्लिशला यूएस लेआउट आणि मराठीला इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ठरलेली मांडणी. इनस्क्रिप्ट चालू राहिलेला असताना इंग्लिशमधलं हॅलो टाइप केलं की "पाततद" येतं. असं काही दिसलं की निदान कळतं तरी काय झालंय ते, कंट्रोल झेड मारायचं, भाषा बदलायची आणि पुढे जायचं. खरा त्रास होतो तो जिथे टाइप केलेलं दिसतच नाही तिथे, म्हणजे पासवर्डच्या चौकटीत, आणि दुसरा म्हणजे दोन लेआउट एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की फरक चार-दोन चिन्हांपुरताच असतो, तेव्हा. माझ्याकडे दोन्ही एकदम झालं होतं.

खालचं सगळं विंडोज ११ वरचं आहे, विंडोज १० वर मेनूंची नावं थोडी इकडेतिकडे आहेत पण शेवटी उघडतं तेच. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी पण थोडं लिहिलंय पुढे. पैसे काही लागले नाहीत, वेळ मात्र जूनपासून जवळजवळ ऑगस्टपर्यंत गेला आणि त्यातला बराचसा कोणाच्या तरी उत्तराची वाट बघण्यात गेला.

जूनच्या सुरुवातीला आमच्या ऑफिसने आठवड्यातले काही दिवस घरून काम करायला परवानगी दिली. घरच्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या मशीनला जोडायचं आणि काम तिकडेच करायचं अशी व्यवस्था. इंग्लिशचं मराठी आणि मराठीचं इंग्लिश आपोआप होणं हे आधीही अधूनमधून व्हायचं पण आता त्याच्या जोडीला एक नवीन प्रकार सुरू झाला, ईमेल पत्ता टाइप करताना ॲटच्या जागी डबल कोट यायला लागलं. भाषा इंग्लिशच दिसतेय, अक्षरं सगळी जिथल्या तिथे, फक्त ॲट गायब. थोड्या वेळाने बघावं तर परत ठीक.

मग एका सोमवारी सकाळी ऑफिसच्या पोर्टलवर लॉगिन करताना पासवर्ड चूक, परत चूक, आणि अकाउंट लॉक. माझ्या पासवर्डमध्ये ॲट आहे. लॉक उघडायला हेल्पडेस्कचं तिकीट टाकायचं आणि तिकीट टाकायला त्याच पोर्टलवर लॉगिन करायचं, म्हणजे आलं का लक्षात. शेवटी फोन केला, एम्प्लॉयी आयडी सांगा, मशीनचा ॲसेट नंबर सांगा, मॅनेजर कोण ते सांगा, सगळं सांगून झाल्यावर दुपारी कधीतरी अकाउंट उघडलं. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून बघायचं, आणि नसेल तर वरच्या युजरनेमच्या चौकटीत फक्त ॲट टाइप करून बघायचं आणि पुसून टाकायचं. अख्खा पासवर्ड तिथे टाइप करू नका, ब्राउझर ते युजरनेम समजून लक्षात ठेवू शकतो. एक चिन्ह पुरतं.

अकाउंट उघडल्यावर रीतसर तिकीट टाकलं. कॅटेगरीच्या यादीत लेआउट, भाषा असलं काही नव्हतंच, त्यातल्या त्यात जवळचं म्हणून "हार्डवेअर, कीबोर्ड आणि माउस" निवडलं. आणि कॅटेगरी हार्डवेअर म्हटल्यावर पुढे काय होणार, दोन-तीन दिवसांनी माझ्या टेबलावर नवा कीबोर्ड येऊन पडला. तिकीट बंद, शेरा "कीबोर्ड रिप्लेस्ड, इश्यू रिझॉल्व्ड". मी घरून रिमोटने काम करत होते हो, टेबलावरच्या कीबोर्डला हातही लागत नव्हता! तिकीट परत उघडलं तर त्यांनी मशीनवर बसून भाषांची यादी तपासली आणि लिहिलं, मॅडम इथे इंग्लिश यूएस आणि मराठी एवढंच आहे, आमच्याकडे तर सगळं नीट दिसतंय. आणि ते खरंच होतं, त्यांना तसंच दिसणार होतं, का ते पुढे येईल.

कीबोर्ड बिघडलाय की लेआउट बदललाय हे ओळखणं तसं अवघड नाही. एखादी की दाबलीच जात नाही, किंवा एकदा दाबली की दोनदा उमटते, तर ते हार्डवेअर. लहान लॅपटॉपवर यू, आय, ओ, जे, के, एल या कीजमधून आकडे यायला लागले तर नम लॉक चालू झालंय, त्याचा लेआउटशी संबंध नाही. पण चुका ठरलेल्या जोड्यांनी होत असतील तर लेआउटच. शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲटऐवजी डबल कोट आणि शिफ्ट आणि ३ दाबल्यावर हॅशऐवजी पाउंडचं चिन्ह येत असेल तर तुम्ही यूके लेआउटवर आहात, डोळे झाकून. वाय आणि झेडची अदलाबदल झाली तर जर्मन. ए आणि क्यू, झेड आणि डब्ल्यू उलटे आणि आकड्यांसाठी शिफ्ट धरावं लागतंय तर फ्रेंच. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि २ दाबलं की चंद्र (ॅ) येतो, ॲट त्या लेआउटवर मिळतच नाही, म्हणून मराठी मजकुरात एक ईमेल पत्ता जरी आला तरी लेआउट बदलून परत यावं लागतं आणि गोंधळाला तेवढीच एक संधी मिळते.

ह्यात मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे स्क्रीनवरचा कीबोर्ड. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबलं की तो उघडतो, आणि त्यावर त्या क्षणी जो लेआउट चालू आहे तीच अक्षरं दिसतात. मी तो लहान करून कोपऱ्यात ठेवून दिला आणि काम करत राहिले. टास्कबारवर घड्याळाजवळ भाषेचं नाव असतंच पण टाइप करताना तिकडे लक्ष कुठे जातं, आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये तर दोन टास्कबार, एक घरच्या लॅपटॉपचा आणि एक तिकडच्या मशीनचा, दोन्हीवर भाषेचं नाव वेगवेगळं असू शकतं. कुठला लेआउट लागू आहे ते विचारायचं असेल तर ज्या मशीनवर अक्षर उमटणार आहे तिथला टास्कबार बघायचा.

शेजारी एक कागद ठेवला. लेआउट बदललेला दिसला की हातातलं थांबवायचं आणि आत्ता आपली बोटं काय करत होती ते लिहायचं, बस. कंटाळवाणं काम आहे पण ह्याच्याशिवाय पुढे सरकलेच नसते, कारण तोपर्यंत मी "आपोआप बदलतं" असंच म्हणत होते. कागदावर थोड्याच दिवसांत दिसायला लागलं की बदल वाटेल तेव्हा होत नाहीयेत. एक ढीग होता ऑल्ट आणि शिफ्टचा, एक कंट्रोल आणि शिफ्टचा, काही वेळा मी काहीच दाबलेलं नव्हतं, नुसतं माउसने वर्डमधल्या मराठी परिच्छेदात क्लिक केलं होतं. आणि तो ॲटवाला प्रकार फक्त रिमोटमध्ये.

ऑल्ट आणि शिफ्टचं आधी. विंडोजमध्ये डावीकडचा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडले की पुढची भाषा येते, आणि कंट्रोल आणि शिफ्टने एकाच भाषेतला पुढचा लेआउट येतो, माझ्या मशीनवर दोन्ही चालू होते. आता बारकाईने बघा काय होतं ते. ऑल्ट आणि शिफ्ट दाबून टॅब दाबलं की उघडलेल्या विंडोंमधून उलट्या क्रमाने जाता येतं. आपण ऑल्ट धरतो, शिफ्ट धरतो, आणि टॅब दाबायच्या आत लक्षात येतं की नको, हवी ती विंडो तर समोरच आहे, आणि बोटं उचलतो. झालं, मध्ये तिसरी की आलीच नाही, विंडोजच्या लेखी तुम्ही भाषा बदलायला सांगितलीत. तसंच कंट्रोल आणि शिफ्टचं, एकेक शब्द सिलेक्ट करायला कंट्रोल, शिफ्ट आणि बाण, फॉरमॅटिंगशिवाय पेस्ट करायला कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही, बंद केलेला टॅब परत आणायला कंट्रोल, शिफ्ट आणि टी. दिवसात किती वेळा आपण हे दोन धरतो आणि विचार बदलून सोडतो ह्याचा हिशोबच नाही. चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट आणि शिफ्ट धरून माउसने ओढतात त्यांचं तर विचारूच नका, आणि गेम खेळणाऱ्यांचं पण, धावायला शिफ्ट आणि वाकायला कंट्रोल, मग चॅटमध्ये लिहायला जावं तर दुसरीच लिपी.

म्हणजे उपाय सरळ, हे दोन्ही शॉर्टकट बंद करायचे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग, त्यात ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज आणि तिथे खाली इनपुट लँग्वेज हॉट कीज. हे दाबलं की जुन्या विंडोजच्या थाटाची एक छोटी चौकट उघडते. तिच्यात "बिटवीन इनपुट लँग्वेजेस" ही ओळ निवडायची, चेंज की सीक्वेन्स दाबायचं, मग दोन रकाने दिसतात, डावीकडे भाषा बदलायची की आणि उजवीकडे लेआउट बदलायची की. दोन्हीकडे नॉट असाइन्ड. ओके, आणि मग मागच्या चौकटीत अप्लाय, हे दुसरं बऱ्याच जणांचं राहतं आणि मग ते म्हणतात की सेटिंग टिकत नाही. तिथेच ग्रेव्ह ॲक्सेंट असाही एक पर्याय आहे, म्हणजे आकडा १ च्या डावीकडची की. ती एकच की असल्यामुळे सोयीची वाटते पण कोड लिहिणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, त्यांना ते चिन्ह सारखं लागतं.

माझ्याकडे डावा ऑल्ट आणि शिफ्ट तर होतेच आणि उजव्या रकान्यात कंट्रोल आणि शिफ्ट. दोन्ही काढले, घरच्या लॅपटॉपवर आणि ऑफिसच्या मशीनवर पण, कारण ही सेटिंग प्रत्येक मशीनची आणि प्रत्येक युजरची वेगळी असते. ह्याला ॲडमिनची परवानगी लागत नाही, हे फार बरं आहे.

मग भाषा बदलायची कशी, तर विंडोज आणि स्पेस. हा शॉर्टकट विंडोज ८ पासून आहे आणि मला तोच सगळ्यात आवडतो कारण विंडोज धरून स्पेस दाबलं की यादी समोर येते, कुठे उभे आहोत ते दिसतं, आणि चुकून दाबला जाणं अवघड. उलटं जायला विंडोज, शिफ्ट आणि स्पेस. सेटिंग्जमधून तो बंद करता येत नाही, कोणाला तोही नकोच असेल तर पॉवरटॉइज नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या जोड-प्रोग्राममधल्या कीबोर्ड मॅनेजरने दुसरीकडे वळवता येतो, मी त्या भानगडीत पडले नाही. रिमोट डेस्कटॉपवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं, विंडोज की असलेले शॉर्टकट कुठल्या मशीनला जाणार हे रिमोटच्या सेटिंगमध्ये लोकल रिसोर्सेसच्या पानावर ठरतं, आणि फक्त फुल स्क्रीन असतानाच तिकडे जावेत असा पर्याय निवडलेला असेल तर विंडो लहान केली की तोच विंडोज आणि स्पेस घरच्या लॅपटॉपची भाषा बदलतो. मला आधी वाटलं शॉर्टकट कधी चालतो कधी नाही, तर तो चालत होता, दुसऱ्याच मशीनवर.

त्यानंतर काही दिवस एकदम शांतता. मग वर्डचं राहिलेलं होतं ते नजरेत भरायला लागलं. मराठी परिच्छेदात क्लिक केलं की मराठी, इंग्लिश परिच्छेदात क्लिक केलं की इंग्लिश, हे वर्ड मुद्दाम करतं. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे एडिटिंग ऑप्शन्समध्ये आजूबाजूच्या मजकुराच्या भाषेप्रमाणे कीबोर्ड बदलायची एक खूण असते, ती काढायची. खरं सांगायचं तर ही सोय वाईट नाही, ज्यांचा मजकूर नीट भाषावार मार्क केलेला असतो त्यांना ती आवडेल सुद्धा, पण माझ्याकडे येणाऱ्या फायलींमध्ये इंग्लिश वाक्यावर मराठीचा शिक्का आणि मराठीवर इंग्लिशचा असला कारभार असतो, त्यामुळे नकोच.

त्याच सुमारास ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्येच "प्रत्येक ॲपच्या विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत" अशी खूण दिसली ती करून बघितली. मेलमध्ये इंग्लिश आणि लेखनाच्या खिडकीत मराठी, असं ज्यांचं काटेकोर वाटप आहे त्यांच्यासाठी मस्त आहे, माझं एकाच खिडकीत दोन्ही चालतं म्हणून उलट जास्तच गडबडायला झालं, काढून टाकली.

आता उरला यूके लेआउटचा भुताटकीचा प्रकार. रिमोटमध्ये विंडोज आणि स्पेस दाबलं की यादीत तीन नावं, यूएस, मराठी आणि यूके. आणि त्याच मशीनच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत दोनच, यूके कुठेच नाही. जे यादीतच नाही ते काढणार कसं. हेल्पडेस्कला जे नीट दिसत होतं ते ह्यामुळेच, मशीनसमोर बसलं की यूके नाही, रिमोटने आलं की आहे.

कारण असं की रिमोट डेस्कटॉपने जोडताना तुमच्या हाताखालच्या लॅपटॉपचा लेआउट तिकडे पाठवला जातो आणि तिकडचं विंडोज तो त्या सेशनपुरता, म्हणजे तिकडे साइन आउट करेपर्यंत, लावून घेतं, भाषांच्या यादीत असो नसो. म्हणजे पाहुणा माझ्याच घरून जात होता. माझ्या लॅपटॉपची डिस्प्ले लँग्वेज, म्हणजे विंडोजचे मेनू ज्या भाषेत दिसतात ती, इंग्लिश यूके होती, घेतला तेव्हापासूनच, आणि तिच्यासोबत यूके लेआउट आलेला. घरी मला तो कधी जाणवला नव्हता कारण घरी मी यूएसच वापरायचे.

तो काढायला गेले तर भाषेच्या पुढच्या तीन टिंबांमध्ये रिमूव्ह फिकट, दाबलंच जात नाही. डिस्प्ले लँग्वेज काढता येत नाही, साहजिक आहे. मग त्याच तीन टिंबांमधून लँग्वेज ऑप्शन्स, खाली कीबोर्ड्स, तिथे यूके एकटाच बसलेला आणि एकटा असेल तर तोही काढता येत नाही. आधी ॲड अ कीबोर्ड करून यूएस टाकायचा, मग यूके काढता येतो. म्हणजे भाषा यूके राहिली, स्पेलिंग वगैरे यूकेचीच, लेआउट यूएसचा. भाषा आणि लेआउट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम होतं. माझी जुनी वेगळी इंग्लिश यूएस भाषा पण यादीत होती, ती मग काढून टाकली, नाहीतर दोन इंग्लिश आणि दोन्हीला यूएस लेआउट, उगाच एकदा जास्त स्पेस दाबायची.

हे केलं आणि रिमोटने परत जोडलं तर यूके होताच. इथे मी चांगलीच चिडले. मग लक्षात आलं की मी रिमोटची खिडकी नुसती बंद करते, त्याने सेशन तिकडे तसंच जिवंत राहतं आणि त्यात लागलेला लेआउटही. तिकडच्या स्टार्ट मेनूतून साइन आउट करून परत आत गेले तेव्हा गेला.

आठवडाभर बरा गेला आणि जुलैच्या मध्यात घरच्या लॅपटॉपवरच यूके परत हजर. ह्या वेळी दोन ठिकाणांहून. एक म्हणजे लॉगिनचा स्क्रीन. तिथली भाषा आणि लेआउट तुमच्या युजरच्या सेटिंगपेक्षा वेगळे साठवलेले असतात, त्यामुळे आत सगळं साफ केलं तरी दारात जुनंच. त्यासाठी सेटिंग्जमध्ये लँग्वेज अँड रीजन, तिथून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज, जी चौकट उघडते तिच्यात कॉपी सेटिंग्ज, आणि खाली वेलकम स्क्रीन आणि सिस्टिम अकाउंट्सवर खूण करून ओके. हे करायच्या आधी वरच्या भागात तुमची स्वतःची सध्याची यादी नीट दिसतेय ना ते बघून घ्या कारण जे आहे तेच तिकडे छापलं जातं. ह्याला ॲडमिन लागतो. लॉगिन स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात लेआउटचं नाव असतं, पासवर्ड टाकायच्या आधी तिकडे एक नजर टाकायची सवय चांगली.

दुसरं ठिकाण म्हणजे माझा जुना लॅपटॉप. तोही त्याच अकाउंटने चालू होता, त्यात यूके तसाच, आणि अकाउंटबरोबर भाषांच्या आवडीनिवडीही एका मशीनवरून दुसऱ्यावर जातात. सेटिंग्ज, अकाउंट्स, विंडोज बॅकअप, रिमेंबर माय प्रेफरन्सेस, त्यात लँग्वेज प्रेफरन्सेसची खूण काढली. जुन्या लॅपटॉपवरूनही यूके काढला.

आणि तरीही एखादा लेआउट यादीत नसून विंडोज आणि स्पेसला दिसत असेल तर आधी सगळ्यात सोपा उपाय करा, तोच लेआउट मुद्दाम ॲड करा आणि लगेच काढून टाका. वेडेपणा वाटतो पण खूपदा ह्यानेच जातो. ज्यांना पॉवरशेल, म्हणजे विंडोजला टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी, जमतं त्यांनी युजरच्या भाषांची यादी वाचून तीच यादी परत सेट करायची, त्यानेही यादीबाहेरचं झडून जातं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे, मी फक्त बघायला गेले. एचकी करंट यूजरखाली कीबोर्ड लेआउट, त्यात प्रीलोड, तिथे आठ अंकी कोड असतात, शेवटी ०४०९ म्हणजे यूएस, ०८०९ म्हणजे यूके, ४००९ म्हणजे इंग्लिश इंडिया, ०४४ई म्हणजे मराठी. पण प्रीलोडमध्ये ०८०९ दिसला म्हणून लगेच उडवू नका, शेजारी सब्स्टिट्यूट्स असतं, त्यात ०८०९ समोर ०४०९ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ भाषा यूके आणि लेआउट यूएस, म्हणजे मी केलंय तेच. काही बदलायचंच असेल तर आधी तो भाग एक्स्पोर्ट करून ठेवा.

आता माझ्याकडून यूके जात नव्हता, पण टीममधले बाकीचे घरून जोडणारे होतेच, त्यांचे लॅपटॉप आपापले, कोणाचा लेआउट काय कोणास ठाऊक. ऑफिसच्या मशीनवर एक रजिस्ट्री व्हॅल्यू टाकली की ते मशीन बाहेरून आलेला लेआउट घेतच नाही. एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, कीबोर्ड लेआउट, त्यात "इग्नोर रिमोट कीबोर्ड लेआउट" नावाची डीवर्ड (म्हणजे आकडा साठवणारी) व्हॅल्यू, इंग्लिशमध्ये मधल्या जागा न सोडता, आणि किंमत १. पण हे लोकल मशीनखाली येतं म्हणजे ॲडमिन, म्हणजे परत हेल्पडेस्क. ह्या वेळी साधं तिकीट चालेना, चेंज रिक्वेस्टचा फॉर्म. बदल कशासाठी, कोणावर परिणाम, धोका किती, आणि बिघडलं तर मागे कसं यायचं ह्याचा प्लॅन. एका व्हॅल्यूसाठी! रोलबॅक प्लॅनच्या चौकटीत मी लिहिलं "व्हॅल्यू डिलीट करणे, साइन आउट करून परत साइन इन करणे", ते मान्य झालं.

मंजुरी येईपर्यंत टीममधल्या मॅकवालीचं आणि लिनक्सवाल्याचं गाऱ्हाणं ऐकलं, त्यांचंही हेच. मॅकवर कंट्रोल आणि स्पेसने आधीचा इनपुट सोर्स येतो, आणि कोपऱ्यातली ग्लोबची की नुसती दाबली तरी बदल होऊ शकतो, मॅकवालीचा हात सारखा त्या कीवर पडायचा. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडलं की ग्लोब की दाबल्यावर काय व्हावं ते निवडता येतं, तिने "काही नको" केलं. इनपुट सोर्सेसच्या एडिटमध्ये कॅप्स लॉकने एबीसीवर (म्हणजे इंग्लिशवर) जाण्याची एक खूण आहे आणि डॉक्युमेंटप्रमाणे आपोआप बदलण्याचीही, दोन्ही बघून घ्या. लिनक्सवर जीनोम नावाच्या डेस्कटॉपमध्ये सुपर (म्हणजे विंडोजचीच की) आणि स्पेस, तेवढंच असेल तर त्रास नसतो, पण त्याच्याकडे ऑल्ट आणि शिफ्टची जुनी एक्सकेबी (लिनक्सची कीबोर्ड सांभाळणारी व्यवस्था) सेटिंग राहून गेली होती, डेबियन आणि उबंटूवर ती ईटीसीमधल्या डिफॉल्टखालच्या कीबोर्ड नावाच्या फाइलमध्ये सापडते, ऑप्शन्सच्या ओळीत ग्रुप टॉगलचं काही लिहिलंय का बघायचं.

चेंज रिक्वेस्ट जुलै संपता संपता मंजूर झाली, शनिवारी मशीन रिस्टार्ट केलं आणि सोमवारी आत गेले तर यादीत दोनच नावं. टीममधल्या एकाने मुद्दाम जर्मन लेआउट लावून जोडून बघितलं, तरी दोनच.

तुमच्यावर असं तिकीट टाकायची वेळ आली तर कॅटेगरी हार्डवेअर अजिबात निवडू नका, "रिमोट ॲक्सेस" असेल तर ती घ्या, आणि मजकूर साधारण असा लिहा, माझा हाच चालला: "रिमोट डेस्कटॉपने जोडल्यावर सेशनमध्ये इंग्लिश यूके लेआउट दिसतो, मशीनच्या भाषांच्या यादीत तो नाही. मशीनसमोर बसून तपासल्यास दिसणार नाही, कृपया रिमोटने जोडूनच तपासावे. शिफ्ट आणि २ ला डबल कोट येते. सोबत विंडोज आणि स्पेसच्या यादीचा स्क्रीनशॉट." स्क्रीनशॉट घेताना ती यादी सोडल्यावर नाहीशी होते, म्हणून विंडोज आणि स्पेसच्या फंदात न पडता टास्कबारवरच्या भाषेच्या नावावर क्लिक करून यादी उघडा, आणि तरी जमलं नाही तर सरळ मोबाइलने फोटो काढून जोडा, त्यांना चालतो.